सव्वादोन किलो धुरात खोट नाही

“एक लिटर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत नाही, आणि त्यातून म्हणे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो! रसायनशास्त्र धडधडीत खोटं बोलतं.” नाशिकच्या ग्रुपांवर सध्या हा मजकूर फिरतोय. खाली समीकरणांची टिंगल आणि खास नाशिककरांसाठी वाइनची पुरवणी.

आधी पेट्रोल. ७४० ग्रॅमच्या आसपास भरतं, कबूल. पण गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत असती तर एअर फिल्टर कशाला बसवला असता? हिशेबापुरतं पेट्रोल म्हणजे निव्वळ ऑक्टेन धरू (खरं पेट्रोल मिश्रण असतं, आकडे थोडे हलतील). ऑक्टेनचे २ रेणू जळायला ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात; त्यातून कार्बन डायऑक्साइडचे १६ आणि पाण्याचे १८ रेणू होतात. ग्रॅममध्ये मांडा: २२८ अधिक ८०० बरोबर ७०४ अधिक ३२४. दोन्हीकडे १०२८. याच प्रमाणात तुमचं एक लिटर पेट्रोल हवेतला २.६ किलो ऑक्सिजन ओढून घेतं आणि २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, वर किलोभर वाफ सोडतं. जास्तीचं वजन द्वारका चौकातल्या हवेतूनच आलं. पंपावर त्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून ते मोजायचं राहिलं.

दुसरा आरोप: “समीकरण संतुलित करणं म्हणजे उत्तरासाठी आकडे घुसडणं.” घुसडायची मुभाच नाही. रेणूंची संख्या बदलता येते, रेणूसूत्र नाही. ऑक्सिजन जुळावा म्हणून एचटूओचं एचटूओटू केलंत तर पाण्याऐवजी जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड हातात येईल. दहावीत याला मार्क मिळत नाहीत.

आता वाइन. “१८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल, निम्मं वस्तुमान गायब!” उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांतून जातात. गंमत म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात वस्तुमान नाहीसं होत नाही, नव्याने तयारही होत नाही हा नियम मांडला तो द्राक्षरस आंबण्याच्याच प्रकरणात. आणि हा ‘गायब’ वायू हवेपेक्षा जड असल्याने वाइनच्या टाकीत तळाशी साचतो, माणूस गुदमरतो. म्हणून आतली हवा तपासल्याशिवाय रिकाम्या टाकीतही उतरायचं नसतं.