गोठ्याच्या खांबांच्या दुरुस्तीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या जुन्या गोठ्याच्या खांबांची दुरुस्ती आम्ही केली. तिच्याबद्दल आपण लिहिले आहे की, चार दिवसांचे काम नऊ दिवस रेंगाळवले आणि नवे खांब न घालता जुन्यांनाच ठिगळे लावली. आपला खोळंबा झाला, गुरे उघड्यावर राहिली, याबद्दल मनापासून क्षमस्व. ‘रेंगाळवले’ हा शब्द मात्र फार लागला, म्हणून त्या जादा पाच दिवसांचा हिशेब देणे भाग आहे.

काम सुरू होण्यापूर्वी गोठा रिकामा हवा, हे आपल्याला दोनदा कळवले होते. आम्ही आलो तेव्हा तो अर्धा चाऱ्याने भरलेला होता आणि चारा बाहेर काढण्यात आमच्याच माणसांचे दोन दिवस गेले. त्यामागे दडलेला चौथा खांब तेव्हा कुठे दिसला. वरवर तो धडधाकट होता, पण बुंध्याशी पटाशी टेकवताच ती मुठीपर्यंत आत गेली आणि वाळवीची माती भसाभस गळाली. त्यात तिसरा दिवस गेला. त्या खांबाची मजुरी आम्ही वेगळी लावली नाही, याचा उल्लेख आपण केलेला नाही.

उरलेले दोन दिवस अर्धा इंच खचलेली तुळई उचलण्यात गेले. जॅक लावल्यावर “एकदाच उचला आणि मोकळे व्हा” असे आपण म्हणालात. पण वर्षानुवर्षे खचलेल्या स्थितीतच घट्ट बसलेले सांधे एका दमात ताणले, तर खुंट्या तुटतात आणि कौले सरकतात. म्हणून बाजूने टेकू देत रोज पाव इंचच उचलले. त्या छपराखाली आमचीच माणसे उभी होती.

ठिगळांविषयी एवढेच की, पूर्वी कोणीतरी खांबांच्या पायाभोवती काँक्रीट ओतले होते, त्याच्या फटीत पाणी मुरून तीन खांब तेवढ्याच भागात कुजले होते. वरचे लाकूड आजही रंध्याला दाद देत नाही. ते फेकून देणे आम्हाला पटले नाही. चारही खांबांचा खराब भाग कापून नव्या लाकडाचा पाय 18 इंचांच्या सांध्याने, आरपार चार बोल्ट घालून जोडला आणि जमिनीपासून उंच अशा दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीवर, टेकवला. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या आत राहिली, तर कूज सहसा धरत नाही, आणि उथळा त्यासाठीच आहे.

हे सारे आधीच नीट सांगायला हवे होते, हे मान्य आहे. यापुढे कामाची कल्पना देण्यात सुधारणा करू. आमची कामे लोकांच्या सांगण्यावरूनच येतात. नवे लाकूड वाळून आकसले की बोल्ट सैल पडतात, ते आवळायला आम्ही येणारच आहोत. त्या वेळी आपण सांधा जवळून पाहावा आणि योग्य वाटल्यास अभिप्रायात बदल करावा, ही विनंती.