बेटावरून कोकमाची वकिली

‘रिफायनरी नको म्हणायचं आणि कोकमाला सबसिडी मागायची!’ गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादाचा हा मेसेज आला आणि माझा चहा तसाच गार झाला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, पुण्यात असतो. निमित्त वहिनीच्या अर्जाचं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर ती आणि तिच्या बचत गटातल्या सात जणी कोकमाची आमसुलं, आगळ आणि फणसपोळी करतात. आता त्यांना शेड बांधून ड्रायर बसवायचाय, म्हणून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मागितलंय. दादाचं म्हणणं, असल्या योजना म्हणजे अनुदान लाटायचे धंदे. शेड उभी राहते, फीत कापल्याचा फोटो येतो आणि तीन वर्षांनी आत जळाऊ लाकडं रचलेली असतात. नाणार झालं, बारसू झालं, पोरं मुंबईला गेली ती गेलीच. आता आडगावात बाटल्या भरून कुणाचं पोट भरणार?

रविवार होता. मी राहते त्या स्कॉटलंडच्या बेटावर हा देवाचा, विश्रांतीचा वार, बाहेर कपडे वाळत घालायची सोय नव्हती. उत्तर लिहायला वेळच वेळ होता.

आडगाव म्हणशील तर मी राहते ते बघ, असं मी लिहिलं. लुईस बेट. अख्ख्या बेटसाखळीवर मिळून सव्वीस हजारांच्या आसपास माणसं. मुख्य भूमीवरच्या उल्लापूलला फेरीबोटीने अडीच-पावणेतीन तास, आणि वारा सुटला की तीही रद्द. माझा शेजारी सकाळी शाळेची बस चालवतो आणि दुपारी घरामागच्या शेडमध्ये हॅरिस ट्वीड हे लोकरीचं कापड विणतो, पायाने चालवायच्या मागावर. गिरणी त्याला सूत आणून देते, विणलेलं कापड उचलून नेते. गिऱ्हाईक कुठे शोधू, हा प्रश्न त्याला पडतच नाही. वर १९९३ चा कायदा आहे: लोकर याच बेटांवर रंगवलेली, कातलेली आणि कापड इथल्या माणसाने आपल्या घरी हाताने विणलेलं असेल, तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणायचं. घरी, हे कायद्यात लिहिलंय, दादा! कुणी ग्लासगोत हजार माग टाकून तेच नाव लावू शकत नाही.

कोकमालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वहिनीच्या बाटलीवर ते नाही, कारण ते वापरायला प्रत्येकाने स्वतंत्र नोंदणी करायची असते आणि ती कशी करायची हे सांगायला वाडीवर कुणी फिरकलेलं नाही.

मोठ्या उद्योगाचं म्हणशील, तर तेही इथे होऊन गेलंय. साबणवाल्या लॉर्ड लीव्हरह्यूमने १९१८ साली हे बेटच विकत घेतलं. मासेमारीचा ताफा, डबाबंद माशांचे कारखाने, सगळे आराखडे तयार. युद्धावरून परतलेल्या लोकांना मात्र नोकरी नको होती, त्यांना जमिनीचा तुकडा हवा होता. १९२३ मध्ये तो निघून गेला आणि बेटावरच्या मुख्य गावाची, स्टॉर्नोवेची, जमीन लोकांच्या ट्रस्टकडे आली. ती आजही आहे.

अर्ध्या तासात दादाने उत्तर स्कॉटलंडमधला इन्व्हरगॉर्डनचा ॲल्युमिनियमचा कारखाना शोधून काढला. १९७१ ला सुरू, १९८१ ला बंद. ‘हे पण तुमच्याच हायलँड्समधलं ना?’ खरं तर मोठा कारखाना बुडाला, म्हणजे ते माझ्याच बाजूचं उदाहरण. पण पाठोपाठ त्याने इथल्या रखडलेल्या फेरीबोटींची बातमी टाकली आणि मी जेवायला गेले.

वाडीवर धंदा चालत नाही तो माणसं आळशी म्हणून नव्हे, हे माझं म्हणणं कायम आहे. ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, तिचे स्वतःचे ५ टक्के, बाकी बँकेचं कर्ज. कागदावर झकास. पण ते अनुदान तिच्या हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. आणि रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, कुणासाठी थांबत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पिकले की फोडायचे, सालं रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची, हे सगळं पावसाच्या आत. तेव्हा मजुरीला रोख लागते. कर्ज मंजूर होतं ते बँकेच्या सवडीने. माल मुंबईला जातो तो खासगी बसच्या डिकीतून, ड्रायव्हरच्या मर्जीवर. इथून मी लंडनला पार्सल पाठवलं तर रॉयल मेल एडिंबरावाल्याइतकेच पैसे घेते. (खासगी कुरिअरवाले बेटाचे जादा पैसे लावतात, हे दादाला अजून सापडलेलं नाही.)

मंगळवारी वहिनीचा फोन आला. ग्रुपवर ती कधीच काही लिहीत नाही.

‘वन्सं, एवढं भांडू नका हो त्यांच्याशी. दादांनी सही दिलीय.’

कसली सही, हे मला विचारावं लागलं नाही. शेडची जागा सामायिक आहे. सात-बारावर बावीस नावं: पणजोबांच्या वाटण्या कधी झाल्याच नाहीत, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि एक मी. सगळ्यांच्या संमतीशिवाय बँक पुढे जात नाही. एकवीस झाल्या. शिव्या देत का होईना, दादा स्वतः राजापूरला जाऊन देऊन आला.

माझं कुलमुखत्यारपत्र गणपतीपासून खणात आहे. ते घेऊन एडिंबराच्या वकिलातीत जावं लागतं. फेरी, हवा, रजा अशी कारणं मी देत आलेय आणि त्यातलं एकही अगदी खोटं नाही. पण ती विहिरीजवळची जागा आहे. म्हातारपणी तिथे दोन खोल्या बांधीन असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. इथे घर घेतलं, मुलं इथल्या गेलिक भाषेच्या शाळेत घातली, तरी धरूनच चाललेय.

आमच्या शेजारचं क्रॉफ्ट, म्हणजे कसायला दिलेला जमिनीचा छोटा तुकडा, ओसाड पडलंय. ज्याच्या नावावर आहे तो कॅनडात. कायद्याप्रमाणे क्रॉफ्टरने आपल्या जमिनीपासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं असतं, आणि मागच्या हिवाळ्यात चहा पिताना मीच तावातावाने म्हटलं होतं, यायचं नाही तर अडवून कशाला ठेवायची? सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरून येऊनही हिला कळतं, असं कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

‘तुम्हाला नाही जमलं तर राहू दे,’ वहिनी म्हणाली. ‘यंदाही अंगणातच सुकवू.’

मागच्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता.