भाषेला धक्का न लावता नाट्यसहल कशी काढावी

आपण ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवत असाल, तर २०२० च्या कायद्याने हा विषय सर्व शाळांत सक्तीचा झाल्यापासून व्यवस्थापनाला आपल्याकडून ‘उपक्रम’ हवे असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. नाट्यसहल हा त्यांतला सर्वांत देखणा उपक्रम आहे. मुलांच्या कानावर फारसे मराठी न पडू देताही तो यशस्वीपणे पार पाडता येतो. थोडे नियोजन मात्र लागते.

तारीख २७ फेब्रुवारीच्या आसपासचीच घ्यावी. त्या दिवशी कुसुमाग्रजांची जयंती असते आणि बाकीच्या शाळांनाही मराठीची आठवण त्याच आठवड्यात होत असल्याने नाट्यगृहाची तारीख मिळणे दुरापास्त होते. मग जो प्रयोग मिळेल तो पाहावा लागतो, आणि नाटक निवडण्याची कटकट आपोआप टळते.

स्थळाविषयी मुलांना काही सांगू नये. मासुंदा तलावासमोरच्या रंगायतनाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव आहे, परंतु गडकरी म्हटले की मुलांना उड्डाणपूल आठवतात, आणि ते तसेच राहू द्यावे. वाशीच्या नाट्यगृहाबाबतही हेच धोरण ठेवावे. विष्णुदास भावे हे कोणी माजी नगरसेवक असावेत, असा मुलांचा समज असतो. १८४३ साली सांगलीत त्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, हे सांगत बसलो तर नावाच्या फलकाखाली छायाचित्र काढायला वेळ कुठून उरणार?

नाटक निवडण्याची वेळ आलीच, तर मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीतले नाटक कटाक्षाने टाळावे. मुले पोट धरून हसतात, घरी जाऊन संवाद म्हणून दाखवतात, आणि एखादा तर उत्तरपत्रिकेतही ‘खंय’ लिहून मोकळा होतो. त्याचे गुण कापताना आपल्यालाच वाईट वाटते. चित्रपटाचा मार्ग त्या मानाने निर्धोक आहे. पडद्याखाली इंग्रजी उपशीर्षके असलेला चित्रपट निवडला की मुले दोन तास मन लावून इंग्रजी वाचतात आणि पालकही समाधानी राहतात. मॉलमधल्या चित्रपटगृहात पॉपकॉर्नची ऑर्डर कोणत्या भाषेत द्यायची, हा प्रश्न तर मुलांनी केव्हाच सोडवलेला आहे.

तिसरी घंटा होण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती प्रश्नपत्रिका द्यावी. नाटकातील दहा विशेषणे, पाच वाक्प्रचार आणि एक अव्यय शोधा, एवढे पुरे. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून मुले मोबाइलचा उजेड पाडतात, रंगमंचावरचा नट क्षणभर थबकतो, आणि शिक्षक पाठीमागून ‘सायलेन्स!’ असे ओरडतात. हा बहुधा त्या दिवसातला सर्वांत स्पष्ट ऐकू आलेला उच्चार असतो. नटाने वाक्याच्या मध्येच घेतलेला विराम, एकाच ‘बरं’ मधून काढलेले तीन अर्थ, हुंकारातून दिलेला नकार, यांपैकी काहीही प्रश्नपत्रिकेत नसल्यामुळे त्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. भाषा म्हणतात ती बहुतेक तिथेच चाललेली असते खरी, पण तिला गुण कसे द्यायचे, हे कोणी सांगितलेले नाही.

यानंतरची पायरी फार कौशल्याची आहे. मध्यंतरात बटाटेवडे वाटून होताच मुलांना बसमध्ये बसवावे. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी हे कारण कोणत्याही पालकाला, मुख्याध्यापकाला आणि स्वतःलाही पटते. त्यामुळे दुसरा अंक पाहावा लागत नाही, आणि पहिल्या अंकात जी गाठ बसली तिची उकल आपण दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार ओळींत लिहून देऊ शकता. सर्व निबंध मग एकसारखे येतात व तपासायला सोपे जातात. एखाद्या मुलाने शेवट स्वतःच्या मनाने रचून लिहिला असेल, तर तो नाटककाराच्या शेवटापेक्षा बरा असला तरी खोडावा.

एवढी काळजी घेऊनही वर्गातली एखादी मुलगी ‘पुढे काय झालं?’ म्हणून घरी हट्ट धरते, तिचे वडील रविवारच्या प्रयोगाची तिकिटे काढतात, आणि सोमवारी ती खरा शेवट वर्गभर सांगत सुटते. अशा मुलीला पुढच्या सहलीत पाण्याच्या बाटल्या मोजण्याचे काम द्यावे. वडिलांना पालक प्रतिनिधी नेमून बसची जबाबदारी सोपवावी, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत ते वाहनतळावरच थांबतील.