माकडे शिल्लक कशी, या प्रश्नाचे उत्तर

‘माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून शिल्लक कशी? मधला दुवा कुठे आहे? आणि हा बदल होताना कोणी पाहिला?’ असे विचारणारा संदेश नागपुरातील व्हॉट्सॲप गटांतून वारंवार फिरतो. शाळकरी मुलेही तो वाचतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. रामटेकच्या गडावरील काळतोंडी वानरे आणि आपण यांचे समान पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले. चिंपांझीशी आपले नाते बरेच जवळचे, म्हणजे साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या फांद्यांचे आहे. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत, असे कोणी म्हणत नाही. शिवाय वानर म्हणजे माणूस होता होता अडखळलेला प्राणी नव्हे. त्याच्या जठराला कप्पे असतात, त्यांतले जिवाणू पाला आंबवतात, आणि म्हणूनच आपल्याला मुळीच न पचणाऱ्या जून पानांवर ते गुजराण करू शकते. या बाबतीत तेच आपल्यापेक्षा पुढे गेले आहे.

दुवे तर अनेक सापडले आहेत. इथिओपियात हदार येथे 1974 मध्ये मिळालेल्या, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्युसी’ या जीवाश्म सांगाड्याचा गुडघा आणि कटिभाग दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे आहेत, तर तिच्या जातीचा मेंदू मात्र आपल्या मेंदूच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच होता. आपल्याकडेही, नर्मदाकाठी हथनोरा येथे, 1982 मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. पण जीवाश्म बाजूला ठेवले तरी पुरावा उरतोच. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, आपल्यात 23. कारण आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रे एकमेकांना जुळली, आणि एरवी गुणसूत्राच्या टोकांशी असणारी डीएनएची खूण आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात आजही वाचता येते.

राहिला ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न. एका आयुष्यात नवी जात घडताना सहसा दिसत नाही. पण नैसर्गिक निवड कशी चालते, हे विदर्भातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरून कळते. या विकाराचे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तर वेदनादायक आजार होतो. एकाकडूनच आले तर तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत असे वाहक अधिक प्रमाणात जगले, म्हणूनच हे घातक जनुक तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.