उकडा भात, बांगडा आणि खोबरं: ‘कोकणी ताटाच्या विज्ञाना’तले चार चुकीचे दावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर कोकणी जेवणाचं ‘विज्ञान’ सांगणारे मेसेज सतत फिरतात. त्यातले चार दावे पुन्हा पुन्हा येतात. उकड्या तांदळात स्टार्च नसतो, तेव्हा मधुमेहींनी तो हवा तेवढा खावा. मासळीला आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ती शिजवली की तिच्यातलं प्रोटीन मरतं. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल असतं आणि ते रक्तात गोठतं. संकरित भाताचा डीएनए आपल्या पेशींत शिरतो. चारही चूक आहेत. पहिला तर धोक्याचा आहे.

उकडा करताना भात भिजत घालतात, टरफलासकट उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. दाणा टरफलात बंद असतो, त्यामुळे स्टार्च बाहेर पडायला जवळजवळ वावच नसतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे असंख्य रेणू जोडून झालेली साखळी. तिचा सरळ प्रकार अमायलोज, फांद्या फुटलेला प्रकार अमायलोपेक्टिन. उकडताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना पुन्हा घट्ट बसतो. म्हणून उकड्याचा दाणा टणक, शिजायला वेळ घेणारा, मोकळा राहणारा आणि पचायलाही थोडा सावकाश. शिवाय कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व उकडताना दाण्याच्या आत मुरतं आणि भरडल्यावर टिकतं. हे उकड्याचे खरे गुण, आणि ते कमी नाहीत. पण १०० ग्रॅम कोरडा तांदूळ घ्या, उकडा असो की सुरय (न उकडलेला), त्यात ७५ ते ८० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि ती जवळपास सगळी स्टार्चच्या रूपात. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे पाचक एन्झाइम ती साखळी तोडतं, आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइम उरलेले तुकडे सुटे करतात आणि रक्तात जातो तो ग्लुकोज.

खात्री करायची असेल तर दोन चमचे उकड्याची पेज वाटीत घ्या, पूर्ण गार होऊ द्या, तेवढंच पाणी घाला आणि जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पेज निळी-काळी होते, कारण अमायलोजच्या गुंडाळीत आयोडीन अडकतं. गरम पेजेत हा प्रयोग फसतो. उष्णतेने गुंडाळी सैल होते आणि रंग धरत नाही. अशा वेळी स्टार्च नाही असं समजू नका. आणि प्रयोगानंतर ती पेज टाकून द्या.

भात वेळून पाणी काढलं तर थोडा स्टार्च जातो, सोबत बी जीवनसत्त्वंही जातात, पण बहुतेक स्टार्च दाण्यातच राहतो. वाडगाभर पातळ पेजेत साखर कमी भरते ती तांदूळ कमी असतो म्हणून. उलट फार गाळ शिजवलेली पेज लवकर पचते आणि रक्तातली साखर झटकन वर नेते. मधुमेह असलेल्यांनी मोजायचं आहे ते तांदळाचं माप: शिजवलेल्या १५० ग्रॅम भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं येतात.

आता मासळी. प्रोटीन जिवंत नसतं, त्यामुळे ते मरतही नाही. ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असते, ठरावीक घडी घातलेली. आगळातलं आम्ल किंवा चुलीची आच ही घडी उलगडते. तुकड्याची अर्धपारदर्शक कड पांढरी पडते ती याचीच खूण. साखळीतले दुवे मात्र शाबूत राहतात आणि अमिनो आम्लं जिथल्या तिथे असतात. जठरातलं आम्ल हेच काम कितीतरी जोराने करतं, मगच पेप्सिन या जठरातल्या एन्झाइमला साखळी तोडायला नीट जागा मिळते. म्हणजे शिजवलेली मासळी पचायला उलट सोपी. फार शिजवली तर तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात आणि तुकडा चिवट होतो. तोटा होतो तो चवीचा.

बांगड्याबाबत खरी काळजी वेगळीच आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर सुटं असतं. मासळी बर्फाशिवाय उन्हात राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, कोकमाने तर नाहीच, आणि फ्रीजरमध्येही तसंच राहतं. असा बांगडा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला माशांची अॅलर्जी समजतात. उपाय एकच: बाजारातून आणतानाच बर्फात, घरी ४ अंशांखाली, आणि साफ करून ओट्यावर ठेवायची नाही. वास आला नाही म्हणजे मासळी सुरक्षित, असंही नसतं.

खोबऱ्याचा दावा लवकर निकालात निघतो. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात असतं. नारळ वनस्पती आहे, त्यात ते नगण्य. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. शिवाय तेल आहे तसं रक्तात उतरतच नाही, आधी त्याची मेदाम्लं सुटी होतात. मात्र या तेलातली ९० टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त आहेत आणि त्यांनी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढतं. तेव्हा वाटपातलं खोबरं बिनधास्त खा, पण खोबरेल औषध म्हणून चमच्याने पिऊ नका.

राहिला डीएनए. तो गावठी भातात असतो, बांगड्यात असतो, आंब्यातही असतो. पेशी असलेलं काहीही खाल्लं की तो पोटात जातो. स्वादुपिंडाची एन्झाइम त्याचे तुकडे करतात. कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेला ‘सह्याद्री’सारखा संकरित वाण म्हणजे दोन भातांचं परागीभवन करून मिळवलेलं बी, आणि त्याचा डीएनए बाकीच्या भातासारखाच पचतो.

डीएनएच्या या तुकड्यांपैकी प्युरीन नावाच्या घटकांचं शेवटी यूरिक अॅसिड होतं, आणि लक्ष द्यायचं ते इथे. तारलीत प्युरीन जास्त. गाऊट (यूरिक अॅसिड सांध्यांत साचून होणारं दुखणं) असलेल्यांनी ती मोजकीच खावी, आणि नुसता तुकडा बाजूला सारून रस्सा ओरपला तरी चालेल असं मानू नये, कारण उकळताना प्युरीनचा काही भाग पाण्यात उतरतो.