हलक्या काठीचा जड व्यवहार

परभणीत राहणाऱ्या माणसानं ट्राउट धरायची काठी घेऊ नये, असा कुठं कायदा नाही. पण घ्यायची म्हटलं की ज्याला त्याला खुलासा द्यावा लागतो. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला धाप लागते. आमच्याकडं मे महिन्यात टाकीतून नळाला जे येतं, त्याचा चहा करायला गॅस कमी लागतो. तेव्हा हा मासा इकडं येणं शक्य नाही, आपणच तिकडं जायचं. तिकडं म्हणजे हिमाचलात, तीर्थन नदीवर. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड परभणीवरूनच जाते, अंबाल्याला उतरायचं, पुढं बस. पहिल्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथं ट्राउट धरायला बंदी असते, म्हणून दसरा झाला की निघायचं. इथवर सगळं सोपं आहे.

आमचे मामा लातूरचे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते लातूर. त्यांनी बेत ऐकला आणि म्हणाले, "भाचेबुवा, आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं, अन् तुम्ही पाण्याकडं रेल्वेनं चाललाव. जमतंय की!" ट्राउट तरी कुठं मूळचा तिथला, असं मी म्हणालो. इंग्रजांनी 1909 च्या सुमारास त्याला कुल्लूत आणून सोडलं, तेव्हापासून तो तिथं राहतो. "मग इकडं का नाही सोडलं?" मामांनी विचारलं. नळाच्या पाण्याचा विषय पुन्हा निघाला.

खरा ताप काठीचा. मला पाहिजे ती फ्लाय रॉड, म्हणजे फ्लाय नावाचं किड्याचं सोंग टाकून मासा धरायची काठी, आणि तीसुद्धा निम्फिंगची, म्हणजे ते सोंग पाण्याखाली चालवायची. ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखाली चालतं. पंख फुटायच्या आधी तळाशी दगडांना धरून राहणारे किडे तो खातो. त्या किड्याचं सोंग दोरा-पिसानं आकड्यावर बांधायचं, डोक्याशी टंगस्टनचा मणी घालायचा, म्हणजे ते सोंग तळाला जातं आणि धारेबरोबर घरंगळतं. रिळावर जाड दोरी असते, तिच्या पुढं बारीक नायलॉन, आणि त्याच्या टोकाला सोंग. जाड दोरी पाण्यावर पडली की धार तिला ओढते, तिच्यामागं सोंग धावायला लागतं, आणि ट्राउटला कळतं की एवढ्या घाईतला किडा आपल्या ओळखीचा नाही. म्हणून दोरी पाण्याला लागूच द्यायची नाही. हात वर, काठी वर, खाली फक्त केसासारखा बारीक नायलॉन. मध्ये रंगीत नायलॉनचा एक तुकडा असतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा. तो थबकला की उचल. एवढी दोरी अधांतरी धरायची तर काठी लांब पाहिजे, दहा ते अकरा फूट. आणि दिवसभर हात वर ठेवायचा तर ती हलकी पाहिजे.

आमचे अण्णा जन्मभर सराफाच्या पेढीवर मुनीम होते. हलक्या मालाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. मी म्हणालो, "तीन नंबरची घ्यावी म्हणतो."

"तीन काय? किलो?"

"काठीचं वजन नाही अण्णा. नंबर त्या जाड दोरीचा असतो. पहिल्या तीस फुटांचं वजन. तीन नंबरची दोरी 100 ग्रेन भरते, पाच नंबरची 140."

ग्रेन म्हटल्यावर अण्णा सावरून बसले. "तोळ्याचे ग्रेन 180. म्हणजे तुझी तीस फूट दोरी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त." जरा थांबून म्हणाले, "मग त्या दोरीला धरून काठी निवडायची. बरोबर आहे."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी खरं सांगितलं, की निम्फिंगमध्ये पुढचा नायलॉनच इतका लांब असतो की ती दोरी बहुतेक वेळा रिळावरच राहते.

"ज्या दोरीच्या वजनावर काठीचा नंबर ठरतो, ती दोरी बाहेर निघतच नाही?"

"फारशी नाही."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पेपर उघडला.

आता नंबर कोणता, लांबी किती. दोन नंबरची काठी मऊ, बारीक नायलॉनला जपते. पण मोठा मासा धारेत शिरला की ती नुसती नमस्कार करत राहते. चार नंबरची जड मणी सहज पेलते, वेळ पडली तर पाण्यावर तरंगणारी फ्लायही टाकते. पण मऊपणा कमी, आणि माशानं हिसका दिला की नायलॉन तुटायची भीती. अकरा फुटी लांब पोचते, पण तीर्थनच्या काठाला झाडं आहेत आणि झाडांना फांद्या. पुण्याचा मित्र रोज नवा सल्ला देतो आणि त्याच्या स्वतःच्या चार काठ्या आहेत, म्हणजे त्यालाही ठरवता आलेलं नाही.

येलदरीच्या धरणावरच्या भोई काकांना मी फोटो दाखवला. त्यांचा सगळा जन्म जाळ्यात गेला. त्यांनी एकच विचारलं, "हातात धरून पाह्यली का?" नाही म्हणालो, इकडं कुठं मिळत नाही, फोनवरच बघितली. "मंग ती काठी नाही मालक, फोटू हाय."

मला ते लागलं. लांबीचा तरी अंदाज यावा म्हणून लाइट फिटिंगचा दहा फुटी पाइप आणला आणि संध्याकाळी गच्चीवर हात वर करून उभा राहिलो. शेजारच्या काकू खालून बघत होत्या. "सर, आलाच आहात तर त्या वरच्या शेवग्याच्या शेंगा तेवढ्या पाडा." पाडल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतून कवठासाठी बोलावणं आलं. दहा फुटांत बरंच काही हाताला येतं, पण कवठाला अर्धा फूट कमी पडला, आणि माझं साडेदहा फुटांवर एकमत झालं. साडेदहा फूट, तीन नंबर.

मग रीळ. साडेदहा फुटी काठीचं वजन शंभर ग्रॅमच्या आत. हजारो रुपये मोजायचे ते याच हलकेपणाचे. पण इतकी लांब काठी टोकाकडं झुकते आणि मनगट दुखतं, म्हणून मागं मुद्दाम जड रीळ लावतात. हे बायकोला सांगितलं.

"म्हणजे पैसे देऊन वजन कमी केलं, अन् परत पैसे देऊन वाढवायलाव?"

"तसं नाही, ते वजन वेगळ्या जागी..."

"मग आधीच जड काठी घ्यायची ना."

मी कागदावर आकृती काढायला लागलो. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "पासंग."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. टोक हातापासून लांब, तिथला गुंजभर भारसुद्धा तराजूच्या लांब दांडीला असावा तसा जोर धरतो. मुठीजवळ त्याला तोलायचं तर बरंच जास्त वजन पाहिजे. दांडी सरळ राहिली म्हणजे झालं. जन्मभर काट्यासमोर बसलेल्या माणसाला मला काही सांगावंच लागलं नाही. उलट त्यांनीच मला विचारलं, बोटावर काठी कुठं तोलली पाहिजे? मुठीच्या कॉर्कच्या पुढच्या टोकाशी, असं मी म्हणालो. त्यानंतर रीळ त्यांनी निवडलं. चकतीच्या कडेच्या फटीत बारीक नायलॉन शिरू नये म्हणून बंद चौकटीचं. ब्रेक हळू सुटणारा, कारण पहिल्याच हिसक्याला नायलॉन तुटतो. हे दोन मुद्दे माझे. बाकी ग्रॅमचा हिशोब त्यांचा, वहीच्या मागच्या पानावर.

ऑर्डर गेली. काठी चार तुकड्यांत येते, नळी तीन फुटांच्या आतली, सचखंडच्या बाकाखाली मावते. पार्सल आलं की अण्णा ते आधी पेढीवरच्या काट्यावर घालणार आहेत. छापलेल्यापेक्षा दोन ग्रॅम जरी जास्त भरली तर परत पाठवायची, असं त्यांनी बजावून ठेवलंय.

"जास्त भरली तर फायदाच की," बायको म्हणते. "रीळ तेवढं हलकं घेता येईल."

अण्णा तिला समजावून सांगायलेत. मी मध्ये पडत नाही.