सीएफएमचं लोणचं घाला!

कॉम्प्युटरच्या पंख्याच्या खोक्यावर सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ढकलतो त्याचा, आकडा ठळक छापतात आणि लोक तोच बघून पंखा उचलतात. अहो, तो आकडा मोकळ्या हवेतला! समोर सलग काच, कडेला जेमतेम फट, मागे दाट जाळी. अशा कॅबिनेटमध्ये त्याचं काय लोणचं घालायचं? तिथे बघा स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायची ताकद. बसत असेल तर १२०ऐवजी १४० मिमीचा पीडब्ल्यूएम (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करता येणारा) पंखा घ्या, कमी आरपीएमवर तेवढीच हवा ओढतो. जाळीला पाती खेटली की घूंऽऽ आवाज येणारच, थोडं अंतर ठेवा. आणि महागडा पंखा मागवण्याआधी एकदा, फक्त एकदा, पुढचं पॅनेल काढून लोडवर, म्हणजे कॉम्प्युटरला जड काम देऊन, तापमान बघा! दहाएक अंशांनी उतरलं, तर गुन्हेगार पंखा नाही, पॅनेल आहे. तिथे तिसरा पंखा लावून फक्त गोंगाट वाढतो.